वेशीवर सांगितलेला दिवस

फार फार वर्षांपूर्वी, जंगल गावाच्या कुंपणापर्यंत येत होतं आणि माणसं जंगलात शिरताना जरा खाकरून शिरत होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती नीट ऐकावी. मोठ्यांनी त्याहून नीट ऐकावी, कारण यात चूक केली ती मोठ्यांनीच.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव तसं चारचौघांसारखंच. भात, नाचणी, गुरं, शेळ्या, चार भांडणं, दोन लग्नं. पण त्या गावात एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे नव्हती. सांजवेळी बाहेरून परतणाऱ्याने थेट घरात शिरायचं नाही. वेशीवर एक मोठा सपाट दगड होता. त्याच्यापाशी थांबायचं, आणि आपला दिवस कसा गेला ते जमलेल्यांना गोष्टीसारखं सांगायचं. मगच घरी जायचं. याला ते लोक 'दिवस सांगणं' म्हणत.

सांगायला रोज वाघ-सिंह कुठून येणार? साध्यासुध्याच गोष्टी असायच्या. हैबती गुराखी एकदा बोडक्या डोक्याने परतला आणि म्हणाला, "मुंडासं झाडाखाली ठेवून जरा डुलकी काढली. जागा झालो तर माझी कबरी गाय त्याचं शेवटचं टोक चावत माझ्याकडं बघतीया. म्हटलं, बाई गं, आता माझं डोकं तेवढं ऱ्हाऊ दे!" सगळी वेस पोट धरून हसली. हैबतीची बायको ठकू सगळ्यांत जास्त हसली आणि घरी गेल्यावर सगळ्यांत जास्त चिडली, कारण ते मुंडासं नवंकोरं होतं.

गोष्टीत थोडंफार तिखटमीठ असायचंच. कुणी तक्रार करत नसे. मीठ नसलेली आमटी कुणाला आवडते?

पुढे जुना मुखी म्हातारपणाने गेला आणि केरोबा गावाचा मुखी झाला. केरोबा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा. दुसऱ्याच्या बांधावरचं हातभर गवत त्याने कधी कापलं नाही. बायको लवकर गेली, तरी गोजरा नावाच्या आपल्या लेकीला त्याने कधी उपाशी झोपू दिलं नाही. फक्त एकच होतं. त्याला कामाशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. रिकामा बसलेला माणूस पाहिला की त्याच्या पोटात दुखायचं.

आणि रोज सांजवेळी अख्खं गाव रिकामं बसलेलं त्याला दिसायचं.

एके दिवशी तो त्या दगडावर उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, ऊन उतरल्यापासनं दिवे लागेपर्यंत आपण नुसत्या गप्पा हाकतो. तेवढ्या वेळात किती दोर वळून होतील! किती टोपल्या विणून होतील! उद्यापासनं वेशीवर कुणी गोष्ट सांगायची नाही. काम झालं असंल तर 'काम झालं' म्हणायचं आणि घर गाठायचं."

"मुखी, अहो एवढा एकच तर विरंगुळा..." हैबती म्हणाला.

"विरंगुळ्यानं पोट भरत न्हाई, हैबती."

हैबती गप्प बसला. इतरही कुरकुरले, नाकं मुरडली आणि गप्प बसले. मुखीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हीही त्या गावची रीतच होती. दोन रीती समोरासमोर आल्या आणि भित्री रीत जिंकली. असं फार ठिकाणी होतं.

दुसऱ्या दिवसापासून वेशीवर एकच आवाज येऊ लागला. काम झालं. काम झालं. काम झालं. माणसं खाली मान घालून यायची, तेवढे दोन शब्द टाकायची आणि आपापल्या घरात शिरायची. पुढेपुढे घरातही तेच शब्द पुरायला लागले. कसा होता दिवस? काम झालं. जेवलास का? झालं.

केरोबा खूश होता. घराघरात दोरांची वेटोळी वाढली, टोपल्या आढ्याला लागल्या. एवढ्या टोपल्यांत ठेवायचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही, कारण विचारायला कुणी थांबतच नव्हतं.

गोजरा शेळ्या राखायची. बडबडी पोर. तिला ही बंदी फार जड गेली. कधी कधी ती वेशीवर धापा टाकत यायची, डोळे मोठे करून म्हणायची, "बा, आज की नाही..."

"काम झालं ना?"

"झालं, पण बा, आज तिकडं..."

"झालं ना? मग चल घरात."

हळूहळू पोरगी शहाणी झाली. निदान केरोबाला तसंच वाटलं. ती यायची, ते दोन शब्द बोलायची, भाकरी खायची, पाठ करून झोपायची. आपल्या लेकीला चांगलं वळण लागलं म्हणून केरोबाला समाधान वाटायचं.

मग उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी हैबतीची गुरं एकटीच परत आली.

कबरी सगळ्यांत पुढे होती. तिच्या अंगाला घाम फुटला होता आणि ती सारखी मागे वळून बघत होती. हैबती नव्हता. ठकू वेशीवर उभी राहिली ती दिवे लागले तरी हलली नाही.

उजाडताच गावातली मोठी माणसं शोधायला निघाली. निघाली खरी, पण जायचं कुठे?

"खालच्या कुरणात जायचा तो," एक जण म्हणाला.

"न्हाई रं. ते तर कवाच सुकलं. माळावर जात असंल."

"माळावर म्या असतो की रोज. तिथं कधी दिसला न्हाई."

केरोबा ऐकत राहिला. ज्या माणसाला सगळे रोज बघत होते, तो रोज कुठे जातो हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. पोरांना कुणी विचारलंच नाही. त्यांनी खालचं कुरण पालथं घातलं. डोंगराची सोंड धुंडाळली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कुठे कुणाला तरी आकाशात गिधाडं फिरताना दिसली, ती थेट विरुद्ध बाजूला, घळीच्या वर. घळीत हैबतीची काठी मिळाली, घोंगडी मिळाली, आणि जे मिळू नये ते मिळालं. ओल्या मातीत वाघाचे पंजे उमटले होते, माणसाच्या तळव्याहून मोठे.

गाव हादरलं. गावाला वाघ नवा नव्हता. पण वाघाने माणूस नेल्याचं त्या गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत नव्हतं, आणि त्यांच्या म्हाताऱ्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. वाघ हरणं मारायचा, रानडुकरं मारायचा. माणूस दिसला तर वाट सोडून जायचा. असं का, याचा कुणी विचार केला नव्हता. चांगल्या गोष्टीचं कारण आपण कधी शोधतो का?

"घळीकडं कुणी फिरकायचं न्हाई," केरोबाने बजावलं. गोजराला म्हणाला, "तू माळावर जा. तिथं मोकळं हाय."

गोजराने मान हलवली. पण माळावरची डबकी केव्हाच आटली होती. सगळ्या गुराख्यांना ते ठाऊक होतं. मुखीला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं होतं ते फक्त काम झालं की नाही.

केरोबाने भाला घासूनपुसून घेतला आणि एके सकाळी तो एकटाच वाघाचा माग काढत निघाला. घळीपासून पंजे सुरू झाले. जाळीतून, दगडांवरून, सुक्या ओहळातून तो त्यांच्यामागे गेला. वाघाचा माग डोंगरात चढेल असं त्याला वाटत होतं. पण माग खाली उतरत होता. बांबूचं बेट मागे पडलं. ओळखीचं आंब्याचं झाड आलं. पंजे त्याच्या स्वतःच्या गावाकडे निघाले होते.

ते वेशीबाहेरच्या करवंदीच्या जाळीत शिरले आणि तिथेच थांबले.

केरोबाने भाल्याच्या टोकाने फांद्या बाजूला केल्या. आत जमिनीला एक खोलगट जागा होती, अंगणासारखी गुळगुळीत झालेली. एखादं जनावर एकदोनदा बसून अशी जागा होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी रोज तिथे पोट टेकवलं होतं. तिथून वेशीवरचा दगड इतका जवळ होता की बसलेल्या माणसाचं कुजबुजणंही ऐकू यावं. एवढी वर्षं! आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्या खोलगट जागेत वाघीण पडली होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"भाला मारायचा तर मार," वाघीण म्हणाली. "पण आधी सांग, तू कोण?"

केरोबाचा हात वर उचललेला तसाच राहिला. "मी... मी या गावचा मुखी."

"ते तुझं काम झालं. मी माणूस कोण ते विचारते. तुम्ही सगळे हल्ली मला सारखेच दिसता. आवाजही सारखाच आणि शब्दही सारखेच."

"तू माझ्या हैबतीला खाल्लंस!" केरोबा ओरडला.

वाघिणीने डोळे मिटले. "माझी आई मला इथे घेऊन यायची, तिची आई तिला. रोज सांजवेळी आम्ही तुमच्या गोष्टी ऐकायचो. आम्हा वाघांत एक रीत आहे. ज्याची गोष्ट ऐकली, त्याला तोंड लावायचं नाही. हैबतीला मी ओळखत होते. त्याचं मुंडासं गाईनं खाल्लं त्या दिवशी मला इतकं हसू आलं की जाळी हलली. तो घळीत पाण्यावर आला तर मी उठून जायचे. मग तुमच्या गोष्टी बंद झाल्या. एक पाऊसकाळ गेला, एक हिवाळा गेला. चेहरे मला कधी ओळखता येत नव्हते, मी गोष्टीवरूनच ओळखायचे, आणि गोष्ट रोज ऐकली तरच ओळख टिकते. उन्हाळा आला, हरणं दूर गेली, पोट पाठीला लागलं. घळीत कुणीतरी वाकून पाणी पीत होतं. कोण ते मला कळेना. मला नुसतं मांस दिसलं."

तिने आपल्या पंजांकडे पाहिलं. "शेवटी तो 'कबरे, पळ' म्हणून ओरडला. तेव्हा मला कळलं तो कोण ते. पण तोवर उशीर झाला होता. मी माझ्या ओळखीच्या माणसाला खाल्लं, मुखी."

केरोबाने भाला खाली घेतला. तो वाघाला मारायला आला होता. वाघीण हळहळेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

वाघीण अंग झाडून उठली. "पण भूक काही थांबत नाही. ऊन चढलं. ओढ्यावर रोज या वेळी एक मुलगी शेळ्या घेऊन येते. तिचीही ओळख मला नाही."

"मुलगी?" केरोबा म्हणाला. "शेळ्या घेऊन? नाही, नाही, ती माळावर जाते. मीच तिला..."

"एका शेळीचा कान फाटलेला आहे."

ती गोजराची शेळी होती. केरोबा गुडघ्यावर बसला. "अगं, ती माझी लेक हाय! गोजरा! तिला हात लावू नको!"

"मग सांग तिच्याबद्दल," वाघीण म्हणाली. "मला ओळख पटू दे. ओळख पटली तर मी उपाशी मरेन, पण तिला शिवणार नाही."

"तिचं नाव गोजरा. ती... ती शेळ्या राखते."

"ते तर मला दिसतंच. तिला हसू कशानं येतं?"

केरोबा आठवू लागला.

"ती घाबरते कशाला? तिची मैत्रीण कोण? काल तिनं काय पाहिलं?"

काल. कालची गोजरा त्याला आठवत होती, ती पाठ करून झोपलेली. परवाची गोजरा तशीच. त्याआधीचीही तशीच. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीशेजारी वाढलेली पोर, आणि तिच्याबद्दल सांगायला त्याच्याकडे एक शब्द नव्हता. आपण असे कसे झालो, हे त्याचं त्यालाच कळेना.

मग त्याला एक जुनं आठवलं आणि तो घाईघाईने म्हणाला, "ती लहान असताना एकदा थंडीत शेळीचं पिलू माझ्या पांघरुणात लपवून ठेवलं होतं तिनं! रातभर माझ्या मिशा चाटल्या त्यानं! मीच सांगितलं होतं वेशीवर!"

"ती गोष्ट ऐकलीय मी," वाघीण म्हणाली. "पण ती फार लहान मुलीची गोष्ट. ही मोठी आहे. ती आणि ही एकच, हे मी कसं मानू? मधलं सगळं कुठे आहे?"

वाघीण वळली. त्याने भाला फेकला, पण तो करवंदीच्या फांद्यांत अडकला. वाघीण एका झेपेत जाळीबाहेर गेली.

केरोबा धावत सुटला. काट्यांनी अंग ओरबाडलं, वहाणा कुठे पडल्या त्याला कळलं नाही. ओढा दिसला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता. आणि मग तो जागच्या जागी थिजला.

गोजरा पाण्याकाठी एका धोंड्यावर बसली होती. तिची पाठ जंगलाकडे होती. तिच्या मागे खडकाआड वाघीण दबा धरून होती, शेपटीचं टोक हलत होतं. ओरडावं तर वाघीण झेप घेईल. पुढे जावं तर पोचणार नाही. केरोबाने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

गोजरा बोलत होती. समोर शेळ्या बसल्या होत्या, आणि ती त्यांना दिवस सांगत होती. घरी कुणी ऐकत नाही म्हणून ती रोज शेळ्यांनाच सांगत होती.

"...तर मग काय झालं, हैबतीकाका गेला त्याच्या आदल्या दिवशी मला घळीत पंजे दिसले. एवढे मोठ्ठे! मी लई घाबरले. काका तिकडं दुपारचा जातो, मला माहीत होतं. म्हणून मी पळत वेशीवर आले. म्हटलं, बा, आज तिकडं... बा म्हणाला, काम झालं ना? मग चल घरात. काकासुद्धा तिथंच उभा होता. पण वेशीवर बोलायला बंदी ना. मला वाटलं उद्या सांगू. मग उद्या काकाच नव्हता."

ती नाक ओढून पुढे म्हणाली, "तुम्ही बाला नावं ठेवू नका हं. बा चांगला हाय. त्याला लई काम असतं, म्हणून त्याला माझं ऐकायला जमत न्हाई. मी मोठी झाल्यावर सगळी कामं मी करीन, मग त्याला जमंल."

केरोबाच्या कानांत कुणी तापलेलं तेल ओतलं असतं तरी इतकं भाजलं नसतं. हैबतीचा जीव वाचवणारा शब्द वेशीपर्यंत आला होता. धापा टाकत, धावत आला होता. आणि तो परत पाठवला होता त्याने, स्वतःच्या तोंडाने, समोर हैबती उभा असताना. वाघिणीला निदान माहीत नव्हतं. त्याला माहीत होऊ शकलं असतं. नुसतं "आज तिकडं काय गं?" एवढं विचारलं असतं तर.

त्याने पुन्हा खडकाकडे पाहिलं तेव्हा वाघिणीची शेपटी हलायची थांबली होती. तिने पुढच्या पायांवर हनुवटी टेकली होती आणि ती ऐकत होती. गोजराचं बोलणं संपेपर्यंत ती तशीच राहिली. मग आवाज न करता उठली, आणि केरोबाच्या अगदी जवळून जाताना थांबली.

"मला ओळख पटली तिची," ती हळूच म्हणाली. "तुला?"

एवढं विचारून ती डोंगराकडे निघून गेली. उपाशीच गेली.

केरोबाने लेकीला उचललं आणि घट्ट धरलं. गोजरा चक्रावून गेली. "बा, तू हितं कसा? रडतोस का रं? काम झालं न्हाई का?"

"तू सांग," केरोबा म्हणाला. "सगळं सांग. कालचं, परवाचं, सगळं." आणि ती घरापर्यंत बोलत राहिली.

त्या दिवशी सांजवेळी केरोबा वेशीवर आडवा उभा राहिला आणि त्याने कुणालाही घरी जाऊ दिलं नाही. मग त्याने आपला दिवस सांगितला. जाळीतली गुळगुळीत जागा सांगितली, वाघिणीचं बोलणं सांगितलं, आणि ओढ्यावर लेकीच्या तोंडून जे ऐकलं, तेही एक शब्द न गाळता सांगितलं. 

ठकू पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता ही मुखीच्या थोबाडीत मारणार. केरोबालाही तसंच वाटलं आणि त्याने मान खाली घातली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ठकू म्हणाली, "मुखी, माझा माणूस काय आता परत येत न्हाई. पण या वर्षात तो कसा होता, काय बोलायचा, कशाला हसला, एवढं तरी मला कुणीतरी सांगा. घरात येऊन तो नुसता जेवायचा आणि झोपायचा. माझ्याकडं त्याची सगळी जुनीच गोष्ट हाय. ह्या वर्षाची एकतरी द्या."

ती एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. शेजाऱ्याकडे, सोबतच्या गुराख्यांकडे, हैबतीच्या सख्ख्या भावाकडे. प्रत्येकाने आठवून पाहिलं. प्रत्येकाने नजर वळवली. एक धडधाकट माणूस वर्षभर त्यांच्यात वावरला होता, आणि त्याच्या त्या वर्षातलं कुणाकडे काहीही उरलं नव्हतं. वाघिणीने त्याला एका दुपारी खाल्लं. गावाने त्याला वर्षभर रोज थोडं थोडं पुसून टाकलं होतं. हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं, आणि त्या वेशीवर मोठमोठी माणसं हंबरडा फोडून रडली.

केरोबाने मुखीपण सोडलं. दुसऱ्या दिवसापासून गावात पुन्हा दिवस सांगणं सुरू झालं. आधी जिभा अडखळल्या, मग सैल झाल्या. दोर कमी वळले गेले, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. वाघाने त्या गावातलं माणूस पुन्हा कधी नेलं नाही. ठकू रोज येऊन दगडाशेजारी बसायची आणि शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत उठायची नाही. कुणी "काही विशेष न्हाई" म्हणून निघाला, तर ती त्याचा हात धरून त्याला खाली बसवायची.

तात्पर्य: रोज एकमेकांना आपली गोष्ट सांगावी आणि एकमेकांची ऐकावी, कारण ज्याची गोष्ट कुणी ऐकत नाही, तो माणूस आपल्या डोळ्यांदेखत हरवतो.